गाडीचा एसी, मे महिना आणि गॅसची घाई

होळी पेटली की सावदा, फैजपूर, भुसावळ या पट्ट्यातल्या एसीवाल्यांच्या दारात गाड्या लागायला सुरुवात होते. बहुतेक गाड्यांबरोबर एकच वाक्य येतं : ‘भो, एसी थंडा नही करी राह्यला. गॅस भरी दे.’ या एका वाक्यात तक्रारही आहे, निदानही आहे आणि औषधाची चिठ्ठीही. मिस्त्रीने करायचं उरतं ते एवढंच, की सिलिंडरची चावी फिरवायची. गिऱ्हाईक उन्हात उभं, मागे आणखी दोन गाड्या, संध्याकाळी त्या माणसाला कुठल्यातरी हळदीला पोचायचं. मिस्त्री चावी फिरवतो. गाडी थंड होते, पैसे मिळतात आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत तीच गाडी परत दारात येते.

एसी थंड का करत नाही, यावर कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तकांत, मिस्त्र्यांच्या तोंडी आणि गाडीवाल्यांच्या गप्पांत जे जे सांगितलं जातं, ते एकत्र मांडून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे, की खानदेशात तरी गॅस हा संशयितांच्या रांगेत शेवटी उभा करावा. आधी हवा, मग उष्णता बाहेर पडण्याची वाट, मग वीज, आणि या तिन्हींतून काही हाती लागलं नाही तर गॅस. प्रत्यक्षात चालतं ते नेमकं उलटं.

यंत्रणा थोडक्यात सांगतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबल्यावर तो तापतो. बंपरमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेरच्या हवेत टाकून त्याचा द्रव करतो. ड्रायर त्यातला ओलावा शोषतो. मग तो द्रव एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून ओढून घेतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस हवेच्या नेहमीच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. दाब राखून त्याला शून्याच्या जरा वर उकळवायचं, एवढाच सगळा खेळ. वर्तुळ बंद आहे. पेट्रोल जळतं, ऑइल जुनं होतं, तसा गॅस ‘संपत’ नाही. कमी झाला असेल तर तो कुठूनतरी बाहेर पडला आहे. थोडा पाझर सगळ्याच गाड्यांत असतो. युरोपच्या २००६ च्या नियमाने एका कूलिंग कॉइलच्या गाडीला वर्षाला जास्तीत जास्त ४० ग्रॅम पाझर चालवून घेतला आहे. छोट्या गाडीत सगळा मिळून गॅस साधारण ३०० ते ५०० ग्रॅम असतो, हे लक्षात घेतलं तर बऱ्याच वर्षांनी थोडी भर घालावी लागणं समजू शकतं. दर उन्हाळ्यात भरावा लागणं म्हणजे गळती आहे आणि ती कुणी शोधलेली नाही.

आता आपल्या गावाचा भाग. रावेर-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, काही दिवस सत्तेचाळीसलाही टेकतो. एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेरची हवाच ४५ अंशांची असेल, तर तिच्यात उष्णता टाकायला कंडेन्सर तिच्याहून बराच गरम, म्हणजे साठ-पासष्ट अंशांवर असावा लागतो. तेवढ्या तापमानाला आर-१३४एचा दाब २३० ते २६० पीएसआय होतो, आणि गाडी उभी असेल तर त्याहूनही वर चढतो. डेन्सोच्या यंत्रणांसाठी सर्रास वापरला जाणारा तक्ता सांगतो, की कमी दाबाची बाजू सुमारे २२ ते ३६ आणि जास्त दाबाची २०० ते २२८ पीएसआय असावी. पण त्याच तक्त्याच्या डोक्यावर अट लिहिलेली असते : आत जाणारी हवा ३० ते ३५ अंश, इंजिन १५०० फेऱ्यांवर. सावद्याला मे महिन्यात दुपारी दोन वाजता ती अट कोण पाळणार? उन्हात उभ्या गाडीला गेज लावून काट्याकडे बघत तक्त्यातले आकडे जुळवायला जाणारा मिस्त्री गॅस कमी तरी ठेवतो, नाहीतर जास्त तरी भरतो. गाडीच्या बॉनेटखाली गॅस किती भरायचा ते ग्रॅममध्ये लिहिलेला स्टिकर असतो, तो वाचण्यापुरतं बॉनेट वर करणारेही थोडेच.

कोरड्या उन्हाची आणखी एक गंमत आहे. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकलं पाहिजे, नाहीतर कॉइल थंड होत नाही, असं सगळीकडे सांगितलं जातं. मुंबईत, कोकणात ते खरं आहे. इथे एप्रिल-मेच्या हवेत ओलावाच इतका कमी, की कॉइल उत्तम थंड असूनही खाली दोन-चार थेंब पडतात, कधी तेवढेही नाही. घराघरात गवताचा कूलर इतका छान चालतो त्याचं कारणही हेच. म्हणून मे महिन्यात ठिबक नाही हा पुरावा नव्हे. जुलैत मात्र एसी चालू असूनही गाडीखाली कोरडं आणि पायाशी गालिचा ओला असेल, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे एवढं नक्की.

शिवाय उन्हात काचा बंद करून तासभर उभी केलेली गाडी आतून बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंशांनी तापते. डॅशबोर्ड, सीट, छत, सगळ्यात ती उष्णता मुरलेली असते. पहिली दहा मिनिटं एसी हवेशी नाही, त्या प्लॅस्टिकशी झुंजत असतो. आधी मिनिटभर काचा उघड्या टाकून गाडी हलवावी, मग काचा बंद करून हवा आतल्या आत फिरवणारं बटण दाबावं. बाहेरची पंचेचाळीसची हवा ओढत राहिलं, तर कुठलाही एसी हरतो. अर्थात तासन्‌तास ते बटण दाबून ठेवलं, की श्वासाची हवा साचून डोळे पेंगायला लागतात. लांबच्या वाटेवर अधूनमधून ते सोडावं. काळी फिल्म हा उपाय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंद केला, तो कुणी सुचवला तर सोडून द्या.

मोजण्याबद्दल मला जरा रागच आहे. सावदा-रावेर भागातल्या माणसाला थंडावा मोजायला शिकवावं लागत नाही. केळी १३ अंशांच्या खाली गेली की साल काळवंडते, हे इथे सगळ्यांना ठाऊक. निर्यातीचा माल प्री-कूलिंगमधून रीफर कंटेनरमध्ये चढवताना गराचं तापमान सुईने तपासतात, पिकवण्याच्या चेंबरमध्ये एका अंशावरून वाद घालतात. तोच माणूस गाडीत बसला की जाळीसमोर हात धरतो आणि म्हणतो, ‘मागच्या साली जास्त होता.’ फ्रिजसाठी मिळतो तसला साधा थर्मामीटर मधल्या जाळीत अडकवा. गाडी सावलीत, ब्लोअर पूर्ण, हवा आतल्या आत, इंजिन जरा चढवलेलं, दहा मिनिटं. बाहेर ४५ असताना जाळीतून १२ ते १६ अंशांची हवा येत असेल, तर ढोबळमानाने एसी शाबूत आहे. पंचवीस येत असेल तर दुखणं खरं आहे. हा आकडा आणि बाहेरचं तापमान, दोन्ही कागदावर टिपून मिस्त्रीकडे गेलात की बोलण्याचा सूरच बदलतो.

दुसरी गोष्ट विचारायची ती ‘काय बिघडलं’ ही नाही, ‘कधी बिघडतं’ ही. निम्मं निदान तिथेच होतं, आणि यावर पुस्तकं व मिस्त्री यांच्यात फारसा मतभेदही नाही. चालत्या गाडीत गार आणि रेल्वे फाटकावर थांबलं की गरम, असं असेल तर कंडेन्सरचा पंखा किंवा कंडेन्सरवरचा कचरा. सुरुवातीला झकास, अर्ध्या-पाऊण तासाने जाळीतून हवाच कमी येते, जरा बंद ठेवलं की पुन्हा येते, तर कॉइलवर बर्फ धरतो आहे; तापमानाचा सेन्सर किंवा थर्मोस्टॅट बघावा, फिल्टर बघावा. रात्री हुडहुडी आणि दुपारी भट्टी, तर दाब वर जाऊन कॉम्प्रेसर बंद पडतो आहे. कंडेन्सर घाण आहे किंवा कुणीतरी गॅस ठासून भरला आहे. थंड-गरम-थंड असा आलटून-पालटून खेळ दहा-पंधरा मिनिटांनी सुरू होत असेल, तर कॉम्प्रेसर पट्ट्याशी जोडणारा मॅग्नेट क्लच तापल्यावर सुटत असण्याची शक्यता मोठी. एका बाजूच्या जाळीतून गार आणि दुसरीतून कोमट, हे फ्लॅपचं दुखणंही असू शकतं आणि कमी गॅसचंही. इथे मात्र गेज लावल्याशिवाय बोलू नये.

हवेची बाजू तपासायला पैसे लागत नाहीत. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, दोन खटके दाबले की हातात येतो. केळीच्या बागेतल्या गाडीवाटेने रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीपर्यंत टिकत नाही. काळ्या मातीची बारीक धूळ आणि पाचटाचा भुगा त्याचा जाडसर नमदा करून टाकतात. काही स्वस्त मॉडेलांत फिल्टरची जागा असते, फिल्टर नसतो. मग हीच धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते, ओलाव्याने चिकटते आणि पावसाळ्यात कुबट वास यायला लागतो. ब्लोअर फक्त चौथ्या आकड्यावर चालतो, एक-दोन-तीनवर नाही, तर जुन्या पद्धतीच्या गाडीत ब्लोअरचा रेझिस्टन्स जळाला आहे, स्वस्तातलं काम. आणि एक फसवं दुखणं : थंड-गरम ठरवणारा फ्लॅप अर्धवट उघडा राहिला, की कॉइलवरून आलेली थंड हवा हीटरच्या रेडिएटरवरून फिरून कोमट होऊन येते. हिवाळ्यात एकदा हीटर लावला आणि केबल किंवा फ्लॅपची मोटर तिथेच अडकली, तर उन्हाळ्यात कितीही गॅस भरा. बॉनेटखाली एसीची जाड नळी बर्फासारखी गार आणि जाळीतली हवा मात्र कोमट असेल, तर संशय इथेच घ्यावा.

पण या मुलखात मला सगळ्यात जास्त दोषी वाटतो तो कंडेन्सर, आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी बघितलं जातं. तो गाडीच्या नाकात बसतो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याची धूळ, जिनिंगजवळून जाताना उडणारे कापसाचे तंतू, पावसाच्या सुरुवातीचे किडे, सगळं आधी त्याच्या पंखांत अडकतं. समोरून पाहिलं तर तो स्वच्छ दिसतो, कारण खरा थर साचतो कंडेन्सर आणि त्याच्या मागचा रेडिएटर यांच्या फटीत. वरून बॅटरी मारून बघितल्याशिवाय तो दिसत नाही. धुवायचा तो मागून पुढे, साध्या नळाच्या धारेने, इंजिन थंड असताना. धुलाई केंद्रातली जोराची बंदूक जवळून मारली, की ॲल्युमिनियमचे नाजूक पंख आडवे होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. धुवून आणल्यापासून एसी बिघडला असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्यातून लोखंडी क्रॅश गार्ड, चार जादा दिवे आणि ‘सरपंच’ लिहिलेली ढालीएवढी पाटी जाळीसमोर लावली असेल, तर बिचाऱ्या कंडेन्सरपर्यंत वारा पोचणार कुठून? क्रॅश गार्ड तर कायद्यातही बसत नाही.

पंखा बघायलाही डोळे पुरतात. बहुतेक गाड्यांत एसी चालू केला की काही क्षणांत तो फिरला पाहिजे. फिरतो, पण मंद फिरतो, ही कार्बन झिजलेल्या मोटरची खूण. क्वचित एखाद्या दुरुस्तीत मोटरच्या तारा उलट्या जोडल्या जातात आणि पंखा हवा आत ओढण्याऐवजी पुढे फेकतो. गाडी पळताना वाऱ्याशी भांडतो आणि उभी असताना गरम हवाच परत फिरवतो. कागदाचा तुकडा गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरावा, तो चिकटला तर ठीक.

शंका उरली तर पाण्याची चाचणी करावी. गाडी उभी, एसी चालू, गेज लावलेलं, थर्मामीटर जाळीत. समजा, जास्त दाबाचा काटा साडेतीनशेच्या वर जाऊन थरथरतो आहे आणि जाळीत २४ अंश. आता साध्या पाण्याची बारीक धार कंडेन्सरवर वरून खाली सोडा. पंखांतून वाफेसारखा फवारा उठतो, काटा बघता बघता अडीचशेच्या खाली घसरतो, कॉम्प्रेसरचा आवाज हलका होतो आणि मिनिट-दोन मिनिटांत थर्मामीटर पाच-सात अंशांनी उतरतो. असं झालं तर कॉम्प्रेसर शाबूत आहे, व्हॉल्व्ह शाबूत आहे, अडलं आहे ते उष्णता बाहेर पडण्यापाशी : घाण, पंखा किंवा जास्तीचा गॅस. अशा गाडीत आणखी गॅस भरणं म्हणजे तापात घोंगडी पांघरणं. पाणी मारूनही जाळीत फरक पडला नाही, तरच पुढच्या चौकशीला अर्थ आहे.

याच्याच जोडीने इंजिनचं पाणी बघावं. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी घातलेल्या रेडिएटरमध्ये क्षार धरतो, इंजिन तापतं आणि नव्या गाड्यांचा संगणक इंजिन वाचवायला कॉम्प्रेसर स्वतःहून तोडतो. एसी बंद पडला असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याला बंद पाडलेलं असतं.

विजेची बाजू. एसीचं बटण दाबल्यावर पुढून ‘टक’ असा आवाज येऊन इंजिन जरा बसलं, तर मॅग्नेट क्लच लागला. नाही आला तर फ्यूज, मग रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा किंवा दुसरा तसाच रिले तात्पुरता बदलून बघता येतो. मग द्रवाच्या नळीवरचा प्रेशर स्विच. गॅस फार कमी झाला, म्हणजे दाब २८ पीएसआयच्या आसपास उतरला, किंवा साडेचारशेच्या घरात चढला, की तो कॉम्प्रेसरला विजेपासून तोडतो. इथे एक वाईट सवय आहे : स्विचच्या दोन तारा जोडून कॉम्प्रेसर चालू करून बघायचा आणि तो जोड तसाच ठेवून गाडी देऊन टाकायची. तपासण्यापुरतं ठीक. पण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरत असतं. गॅस नसताना तो फिरला की कोरडा फिरतो आणि आतून झिजून मरतो. त्या मरणाची किंमत पुढे येते आहे.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत क्लचच नसतो. कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह त्याचं काम कमी-जास्त करतो. अशा गाडीत ‘टक’ ऐकायला कान लावून बसणारा जुना मिस्त्री हकनाक कॉम्प्रेसर बदलायला सांगतो. इथे स्कॅनर लागतो, त्याला इलाज नाही. पण स्कॅनरवाल्यांचाही एक पंथ आहे, जो कोड वाचतो आणि बॉनेट उघडत नाही; कंडेन्सरवरच्या चिंधीचा कोड कुठल्याही संगणकात नसतो.

इतकं झाल्यावर गेज. इंजिन बंद असताना दोन्ही काटे सारखेच असतात, आणि तो आकडा गॅस किती आहे ते सांगत नाही, फक्त तापमान सांगतो. यंत्रणा ४५ अंशांवर मुरलेली असेल, तर अर्धा गॅस असो की पूर्ण, काटा दीडशेच्या आसपासच राहणार. ‘दीडशे आहे, म्हणजे गॅस फुल्ल’ हे वाक्य म्हणूनच निरर्थक. चालू इंजिनवर मात्र काटे बोलतात. दोन्ही खाली : गॅस कमी. दोन्ही फार वर : गॅस जास्त, कंडेन्सर तुंबलेला किंवा आत साधी हवा शिरलेली. खालचा वर आणि वरचा खाली, दोघे जवळ आलेले : कॉम्प्रेसर दाबतच नाही. खालचा शून्याखाली व्हॅक्यूमकडे ओढला जातो : एक्सपान्शन व्हॉल्व्हपाशी वाट बंद. ही वाट कधी कचऱ्याने बंद होते, कधी ओलाव्याने. आत राहिलेला पाण्याचा थेंब व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो. एसी बंद करून पंधरा मिनिटं थांबलं की वितळतो, पुन्हा थोडा वेळ चालतो, पुन्हा गोठतो. असा एसी म्हणजे मागच्या खेपेला व्हॅक्यूम धड मारलेलं नव्हतं, याचा जवळजवळ लेखी पुरावा.

आणि आता गॅस. तो कमी निघाला तर पहिला प्रश्न कुठून गेला हा. गॅस जाताना थोडं तेल सोबत नेतो, तेलावर धूळ बसते. म्हणून सांध्यांवर, नळ्यांच्या दाबलेल्या टोकांवर आणि कंडेन्सरच्या खालच्या भागात, जिथे रस्त्याचे खडे लागतात, काळसर ओले डाग शोधायचे. गॅस भरायच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी हरवलेली असेल तर तीही बघायची. ती नुसती धूळ अडवायला नसते, तिच्या आतलं रबर गळतीही अडवतं. मग यंत्रणा रिकामी करून नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावायचं. बाहेर कुठेच बुडबुडा नाही आणि दाब तरी उतरतो, तर संशय डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर. इथे गिऱ्हाईक आणि मिस्त्री दोघांचा धीर सुटतो, कारण कॉइलपेक्षा डॅशबोर्ड उतरवण्याचं काम मोठं, आणि एकदा उतरवलेला डॅशबोर्ड पुढे आयुष्यभर कुठूनतरी करकरतो. म्हणून मग ‘या साली गॅसवर काढू’ असं ठरतं. पाझर खरोखर मंद असेल आणि गाडी विकायचीच असेल, तर हा व्यवहार मला समजतो. पाझर जोराचा असेल तर नाही. दर खेपेला गॅसबरोबर तेल जातं, भरताना फक्त गॅस परत येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर आवळतो.

गळती बंद करणारी औषधं डब्यात मिळतात. त्यांच्या बाजूने बोलणारे आहेत. बारीक पाझराला ती कधी कधी लागूही पडतात. पण तेच औषध एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात आणि गॅस काढून घेणाऱ्या यंत्रातही जमू शकतं, त्यामुळे अनेक चांगले कारागीर अशी गाडी हातात घ्यायला तयार नसतात. मी त्यांच्या बाजूचा.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम निदान अर्धा तास, मग पंप बंद करून काटा परत चढतो का ते बघणं, मग स्टिकरवरच्या ग्रॅमनुसार वजन करून भरणं. कंपनीच्या दालनातलं महागडं यंत्र हेच करतं आणि साधा पंप, साधा तराजू, साधं गेज घेऊन गावातला माणूसही अगदी हेच करू शकतो. फरक यंत्राचा नाही, तराजू वापरायचा की नाही याचा आहे. बिलावर काढलेले आणि भरलेले ग्रॅम लिहून मागा. किती निघाला हा आकडा पुढच्या वर्षी सगळ्यात उपयोगी पडतो.

बनावट गॅसचा धोका मात्र गिऱ्हाइकाच्या हातातला नाही. स्वस्त डब्यांत आर-१३४एच्या नावाखाली स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचं मिश्रण भरलेलं असू शकतं. ते थंडही छान करतं, म्हणून पकडलं जात नाही. फक्त ते पेट घेतं, आणि कूलिंग कॉइल आपल्या गुडघ्यांसमोर असते. याहून भयंकर प्रकार केळीवाल्यांना जवळचा वाटावा असा आहे. २०११ साली जहाजाने जाणाऱ्या काही रीफर कंटेनरच्या शीतयंत्रांचे स्फोट होऊन जगात तीन कामगार दगावले. माग काढला तेव्हा दुवा निघाला व्हिएतनाममधल्या दुरुस्तीत भरलेल्या बनावट आर-१३४एचा. त्यात मिथाइल क्लोराइड होतं. त्याची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन असं संयुग तयार होतं, जे हवा लागताच पेटतं. गाडीचा कंडेन्सर, कॉइल, कॉम्प्रेसरचं अंग, सगळं ॲल्युमिनियमच.

कॉम्प्रेसर मेला तर काय, हे थोडक्यात. तो झिजून मरतो तेव्हा धातूचा काळा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो. नुसता कॉम्प्रेसर बदलला तर तोच चुरा नव्याला खातो. नळ्या धुता येतात, ड्रायर आणि व्हॉल्व्ह बदलावे लागतात, आणि आजच्या पद्धतीचे बारीक छिद्रांचे कंडेन्सर नीट धुतलेच जात नाहीत, तेही बदलावे लागतात. वॉरंटी नाकारण्याची बरीच भांडणं इथून सुरू होतात.

एसीचं दुखणं गाडीतल्या एसीइतकंच जुनं आहे. अमेरिकेत पॅकार्डने १९४०च्या गाड्यांत कारखान्यातून एसी दिला, तेव्हा त्याला क्लच नव्हता. बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. भारतात सुब्रोस ही गाड्यांचे एसी बनवणारी कंपनी १९८५ची, मारुतीच्या पाठोपाठची. त्या काळातला आर-१२ ओझोनचा थर खातो म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर जगभर टप्प्याटप्प्याने हद्दपार झाला, त्याच्या जागी आर-१३४ए आला. आता तोही जायचा आहे, कारण हवेत सुटला तर तापमानवाढीच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट जड पडतो. युरोपात २०१७पासून नव्या गाड्यांत तो चालत नाही. भारताने किगाली दुरुस्ती २०२१ साली मान्य केली आणि आपल्याला २०२८पासून या जातीच्या गॅसांचा वापर गोठवायचा आहे, २०४७पर्यंत ८५ टक्के उतरवायचा आहे. पुढचा गॅस, आर-१२३४वायएफ, महाग आहे आणि सौम्यपणे का होईना, पेटतो. दर उन्हाळ्याला डोळे मिटून भरून टाकण्याची चैन त्याच्या दराला परवडणार नाही.

विजेच्या गाड्यांत कॉम्प्रेसर पट्ट्यावर नसतो, बॅटरीच्या शेकडो व्होल्टवर चालतो. नारिंगी तारांना शिक्षण नसलेल्याने हात लावू नये. त्याचं तेलही वेगळं, वीज न वाहू देणारं. नेहमीच्या गाडीचं तेल त्यात गेलं तर वीज कॉम्प्रेसरच्या अंगात उतरून गाडीच स्वतःला बंद करू शकते. अशा अनेक गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्याचं कामही याच यंत्रणेकडे असतं, म्हणजे एसीचं दुखणं जाळीपुरतं राहत नाही, चार्जिंगच्या वेगावर आणि पल्ल्यावर जातं.

आणि ट्रक. डिसेंबर २०२३च्या केंद्राच्या अधिसूचनेने १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा केला. केळी भरून उत्तरेकडे निघणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर आजवर मागे १३ अंशांना जपलेला माल आणि पुढे पन्नाशीची केबिन असा जात आला. आता त्याच्या पायाशीही कूलिंग कॉइल असेल, तीच धूळ असेल, आणि ती तुंबेल तेव्हा तो गावापासून सातशे किलोमीटरवर एखाद्या ढाब्याशेजारच्या टपरीसमोर उभा असेल. तिथे गॅसचा सिलिंडर असतोच. पाण्याचा पाइप मात्र मागून घ्यावा लागेल.